खोडदच्या दुर्बिणीला ऐकू द्या

ज्यांच्या घराच्या छपरावर ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना होता, त्यांना हे आठवत असेल. रविवारची सकाळ, अर्धी आळी एका टीव्हीसमोर बसलेली, आणि नेमका तेव्हाच स्वयंपाकघरात कुणीतरी मिक्सर लावायचं. पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांची रांग उठायची. रस्त्यावरून जुनी स्कूटर गेली तरी तेच. मग बाहेरच्या खोलीतून हाक जायची, "मिक्सर बंद करा जरा!" मिक्सर थांबला की चित्र पुन्हा स्वच्छ.

पुढे केबल आली, गच्चीवर डिशची थाळी आली, तो अँटेना भंगारात गेला आणि ती हाकही बंद झाली. मिक्सरच्या मोटरमधली ठिणगी मात्र आजही उडते. तिच्यातून निघणाऱ्या रेडिओ लहरी आजही भिंतीबाहेर जातात. आपलं त्यावाचून काही अडत नाही, म्हणून आपल्याला त्याची आठवण राहिलेली नाही.

पण एका ठिकाणी अडतं. पुण्याच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावाजवळच्या खोडदला, जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक उभी आहे. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप हे तिचं पूर्ण नाव. आपण सगळे तिला जीएमआरटी किंवा नुसतं 'खोडदची दुर्बीण' म्हणतो. आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी ऐकणं हे तिचं काम. ते तिला नीट करता यावं म्हणून तुम्ही आम्ही साध्या माणसांनी काय करायचं, एवढंच सांगायला हा लेख लिहितो आहे. खोडदच्या शेजारी राहणाऱ्यांसाठी तो आहेच, पण मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठीही आहे.

आधी या लहरींची ओळख करून घेऊ. रेडिओ लहरींचे त्यांच्या कंपनसंख्येनुसार पट्टे पाडलेले आहेत. त्यातल्या ३०० ते ३००० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला यूएचएफ म्हणतात, म्हणजे अति-उच्च कंपनसंख्येचा पट्टा. या लहरींची लांबी एक मीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत असते. हाइनरिश हर्ट्झने १८८८ मध्ये जर्मनीत रेडिओ लहरी प्रकाशासारख्याच आरशावरून परावर्तित होतात हे दाखवलं, तेव्हा त्याच्या लहरी सुमारे ६६ सेंटिमीटरच्या, म्हणजे याच पट्ट्यातल्या होत्या.

हा पट्टा इतका कामाचा का, तर त्याची लांबी नेमकी सोयीची आहे. लहर आखूड असल्यामुळे तिचा अँटेना खिशातल्या फोनमध्ये मावतो. पण ती इतकीही आखूड नाही की पहिल्याच भिंतीपाशी संपावी; घराच्या भिंती, खिडक्या, झाडं यांतून ती बऱ्यापैकी पार होते. शिवाय शॉर्टवेव्हच्या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परत जमिनीकडे वळतात, तशा या वळत नाहीत. त्या थर भेदून सरळ अंतराळात जातात आणि अंतराळातून सरळ खालीही येतात.

म्हणून सगळे याच पट्ट्यात येऊन बसले आहेत. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत तेव्हाचे दूरसंचार मंत्री सुखराम यांना भारतातला पहिला मोबाइल कॉल केला, तो याच पट्ट्यातून. आज आपल्याकडचे ७००, ८००, ९००, १८००, २१००, २३०० आणि २५०० मेगाहर्ट्झचे मोबाइल पट्टे सगळे यूएचएफमध्येच मोडतात. घरातला नेहमीचा वायफाय आणि कानातला ब्लूटूथ २४०० मेगाहर्ट्झच्या थोडे वर, स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह ओव्हन २४५० वर. टोलनाक्यावर गाडीच्या काचेवरचा फास्टॅग वाचला जातो तो ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपास. जीपीएसचा मुख्य संदेश १५७५.४२ वर. विमानं आपली ओळख सांगतात ती १०९० वर. बुडत्या जहाजाचा आणि पडलेल्या विमानाचा संकटसंदेश उपग्रह ऐकतात तो ४०६ वर. आठवडे बाजारासारखी दाटी आहे, आणि तरी व्यवहार चालतो, कारण प्रत्येकाची जागा ठरलेली आहे.

या दाटीत एक जागा माणसाने ठरवलेली नाही. विश्वात सगळ्यात जास्त असलेलं मूलद्रव्य म्हणजे हायड्रोजन. त्याचा थंड, एकटा अणू कधीमधी एक रेडिओ लहर सोडतो. तिची लांबी २१ सेंटिमीटर, आपल्या हाताची जवळजवळ एक वीत. कंपनसंख्या १४२० मेगाहर्ट्झ. नेदरलँड्सच्या हेंड्रिक व्हान दे हुल्स्टने १९४४ मध्ये हे भाकीत केलं आणि २५ मार्च १९५१ रोजी अमेरिकेत हार्वर्डला यूएन आणि पर्सेल या शास्त्रज्ञांनी ही लहर प्रत्यक्ष पकडली. कुठल्या दीर्घिकेत किती वायू आहे, तो कोणत्या दिशेला फिरतो, तारे घडायला किती माल शिल्लक आहे, हे सगळं या एका विताएवढ्या लहरीतून कळतं. ती लहर नेमकी आपल्या बाजाराच्या मधोमध येते.

ती ऐकायला रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी खोडदची जागा निवडली. त्याआधी त्यांनी उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण उभी केली होती. ती १९७० पासून ३२७ मेगाहर्ट्झच्या आसपास ऐकते आहे. खोडदला त्यांनी ३० थाळ्यांची योजना आखली. प्रत्येक थाळीचा व्यास ४५ मीटर. त्यातल्या १४ थाळ्या खोडदजवळ साधारण चौरस किलोमीटरभर जागेत, उरलेल्या १६ इंग्रजी 'वाय' अक्षरासारख्या तीन फाट्यांवर, पंचवीसेक किलोमीटरच्या परिसरात. एवढी मोठी थाळी भरीव पत्र्याची केली असती तर तिचं वजन आणि वाऱ्याचा मारा पेलायला अफाट खर्च आला असता. म्हणून बारीक पोलादी तारेची जाळी दोरांसारख्या तारांवर ताणून त्यांनी थाळी बनवली. दहा-वीस मिलिमीटरच्या भोकांतून वारा आरपार जातो, पण विताएवढ्या लहरीला ती भोकं दिसतच नाहीत. तिच्यासाठी जाळी म्हणजे आरसाच. ही सगळी कामगिरी आपल्या देशात, आपल्या कारखान्यांतून झालेली आहे.

जागा खोडदचीच का, याची जी कारणं होती त्यात एक मोठं कारण असं, की इथे माणसाने केलेला रेडिओ गोंगाट कमी होता. म्हणजे जुन्नर-आंबेगावच्या शिवारातली शांतता ही या दुर्बिणीची एक सामग्रीच आहे, जाळी आणि मोटरीसारखी. जाळी फाटली तर शिवता येते. मोटर जळाली तर बदलता येते. शांतता मात्र विकत आणता येत नाही, ती शेजाऱ्यांनी द्यावी लागते.

किती शांतता लागते? कल्पना करा, तुमच्या हातातला फोन चंद्रावर ठेवला आणि तिथून त्याने पूर्ण ताकदीने कॉल लावला. रेडिओ दुर्बिणीला तो फोन आकाशातल्या अगदी ठळक वस्तूंपैकी एक दिसेल; त्याच्याहून तेजस्वी मोजक्याच दीर्घिका आणि फुटलेल्या ताऱ्यांचे अवशेष निघतील. चंद्र पावणेचार लाख किलोमीटरवर आहे. आता तोच फोन थाळीपासून दोनशे मीटरवर, सहलीला आलेल्या मुलाच्या खिशात आहे असं समजा.

हे कान किती तीक्ष्ण आहेत याचा पुरावा १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मिळाला. त्या दिवशी युरोपीय अवकाश संस्थेचं स्कियापारेल्ली नावाचं यान मंगळावर उतरत होतं. उतरता उतरता ते सुमारे ४०१ मेगाहर्ट्झवर एक बारीक संदेश सोडत होतं, खरं तर मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांनी ऐकावा म्हणून. तो १७ कोटी किलोमीटरहून लांबवर, पृथ्वीवर, थेट ऐकला खोडदच्या थाळ्यांनी. संदेश इथे पोचायला पावणेदहा मिनिटं लागत होती. उतरण्याच्या थोडं आधी आवाज थांबला. यान मंगळावर आदळून नष्ट झालं. शेवटपर्यंत कान लावून बसलेली जागा आपल्या तालुक्यातली होती, ही गोष्ट जुन्नरच्या प्रत्येक शाळेत सांगितली गेली पाहिजे.

दुसरा पुरावा याहून मोठा आहे. जानेवारी २०२३ मध्ये अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय या शास्त्रज्ञांनी खोडदच्या दुर्बिणीने टिपलेला हायड्रोजनचा एक संदेश जाहीर केला. तो एका दीर्घिकेतून सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघाला होता. तेव्हा आपली पृथ्वीच नव्हती, सूर्यही नव्हता. वाटेत विश्व प्रसरण पावत गेलं, त्याबरोबर ती लहर ताणली गेली. निघताना एक वीत होती ती पोचताना जवळपास अर्धा मीटर झाली. कंपनसंख्या १४२० वरून ६२० मेगाहर्ट्झच्या आसपास उतरली. वाटेत दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखं काम करून तिला सुमारे तीसपट मोठं केलं म्हणून ती सापडली.

माझा सगळा मुद्दा या ६२० आकड्यापाशी येतो. जगातल्या देशांनी एकत्र बसून १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ ही पट्टी राखून ठेवली आहे. तिथे कुणीही, कुठल्याही कामासाठी प्रक्षेपण करायचं नाही असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. गावाने देवराई राखावी तशी ही राखलेली जागा. पण ही राई राखली जाते ती आपल्या जवळच्या हायड्रोजनसाठी. दूरच्या, जुन्या विश्वातला हायड्रोजन ताणला जाऊन राईच्या बाहेर, बाजारात येऊन पडतो. खोडदची दुर्बीण ५५० ते ८५० मेगाहर्ट्झचा जो पट्टा ऐकते, त्यात मोबाइलचे ७०० आणि ८०० चे पट्टे येतात. तिथे कायदा तिला संपूर्ण शांतता देऊ शकत नाही, आणि देऊही नये, कारण तिथे लोकांचे फोन चालायचे आहेत. तिथे उरतो तो लोकांचा समजूतदारपणा. म्हणून हे आवाहन सरकारला नाही, तुम्हाला आहे.

आता काय करायचं ते एकेक सांगतो.

पहिली गोष्ट खोडदला जाणाऱ्यांसाठी. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, तिथे विज्ञान प्रदर्शन भरतं आणि आसपासच्या शाळांची मुलं गाड्या भरभरून येतात. जरूर जा, मुलांना न्या. पण आवारात सांगतील तिथे फोन बंद करा. बंद म्हणजे पूर्ण बंद. आवाज बंद केल्याने लहरी बंद होत नाहीत. मनगटावरचं स्मार्टवॉच, कानातले ब्लूटूथचे इअरफोन, बिनतारी माइक हेही विसरू नका. थाळ्यांवरून ड्रोन उडवून शूटिंग करायचा मोह टाळा. फोटो मनात साठवा. मुलांना थाळीच्या सावलीत उभं करून विताची लहर हाताने मोजून दाखवा. ती त्यांच्या जास्त लक्षात राहील.

दुसरी गोष्ट शेतकरी बंधू-भगिनींसाठी, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दुर्बिणीला फोनइतकाच, काही पट्ट्यांत त्याहूनही जास्त, त्रास ठिणग्यांचा होतो. फोन आपल्या ठरलेल्या जागीच बोलतो. ठिणगीला जागा नसते. ती एकाच वेळी सगळ्या पट्ट्यांवर खरखरते. खांबावरचा सैल जंपर, तडा गेलेला पिन इन्सुलेटर, झाडाच्या फांदीला घासणारी तार, मोटरीच्या स्टार्टरचे जळके काँटॅक्ट, रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारेला टेकलेलं गवत, या सगळ्यांतून ठिणग्या उडतात. विजेच्या तारांवरच्या ठिणग्यांचा हा उपद्रव इतका, की तो आलेल्या संदेशातून जागच्या जागी गाळून काढायची खास व्यवस्था दुर्बिणीच्या शास्त्रज्ञांना करावी लागली आहे.

ठिणगी शोधायला महागडं यंत्र लागत नाही. वडिलांचा जुना ट्रान्झिस्टर मी कपाटातून काढला, मीडियम वेव्हवर जिथे कुठलंच केंद्र लागत नाही अशा जागी काटा ठेवला आणि शेताच्या कडेने चालत निघालो. कुंपणाच्या एका कोपऱ्यावर दर सेकंदाला टक्, टक् असा आवाज येऊ लागला. तिथे पावसाने वाढलेलं गवत झटक्याच्या तारेला लागलेलं होतं. विळ्याने गवत कापलं, आवाज गेला. कुंपणाचा झटकाही पुन्हा जोरदार झाला, कारण त्याची ताकद गवतातून जमिनीत जात होती. हा प्रयोग तुम्हीही करा. रेडिओ हातात धरून कुंपणाच्या, मोटरीच्या जवळून फिरा, तारेला आणि खांबाला मात्र हात लावू नका. खांबापाशी खरखर वाढली तर वायरमनला बोलवा, महावितरणकडे तक्रार नोंदवा. ठिणगी उडते आहे म्हणजे तिथे तार तापते आहे, वीज वाया जाते आहे, उद्या तिथून ऊस पेटू शकतो. ती थांबवण्यात दुर्बिणीचा फायदा आहे, पण पहिला फायदा तुमचा आहे.

तिसरी गोष्ट शहरातल्या सोसायट्यांसाठी. घरात रेंज येत नाही म्हणून कुणीतरी मोबाइल बूस्टर बसवून देतो. दूरसंचार कंपनीच्या माध्यमातून परवानगीने बसवलेलं उपकरण वेगळं. बाजारातून आणून परस्पर लावलेला बूस्टर बेकायदेशीर आहे आणि घातकही आहे. लग्नाच्या मंडपात माइक स्पीकरसमोर आला की कशी कान फाटेल अशी शिट्टी वाजते? बूस्टरचा बाहेरचा आणि आतला अँटेना एकमेकांना ऐकू लागले की तसंच होतं. ती शिट्टी आपल्या कानाला ऐकू येत नाही, पण जवळच्या टॉवरला तीच ऐकू येते. मग आजूबाजूच्या शेकडो लोकांचे कॉल तुटतात. तुमच्या एका खोलीत रेंज येते आणि शेजारच्या इमारतीतल्या आजारी माणसाचा ११२ ला लावलेला फोन लागत नाही, असा हा व्यवहार आहे. त्यापेक्षा फोनमधलं वायफाय कॉलिंग चालू करा, ते बहुतेक फोनमध्ये असतं आणि त्याला काही पैसे घालावे लागत नाहीत. कंपनीकडे लेखी तक्रार करा. क्लासमध्ये, परीक्षेत, सभागृहात स्वतःच्या जबाबदारीवर जॅमर लावणं हा तर गंभीर गुन्हा आहे; त्या वाटेला कुणी जाऊ नये.

चौथी गोष्ट वॉकीटॉकीची. जत्रा, मिरवणूक, हॉटेल, बांधकाम, सुरक्षारक्षक, ट्रेकिंगचे गट, सगळीकडे हल्ली वॉकीटॉकी दिसतात. आपल्याकडे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या छोट्या पट्टीत, कमी ताकदीच्या उपकरणांना परवान्याची गरज नाही. त्याबाहेरच्या संचाला परवाना लागतो. विकत घेताना दुकानदाराला सरळ विचारा, हा कुठल्या कंपनसंख्येवर चालतो, याला सरकारी मान्यता आहे का? उत्तर देता आलं नाही तर घेऊ नका, किंमत कितीही कमी असली तरी.

पाचवी गोष्ट घरातली. चीनमधून आलेले बिननावाचे चार्जर, अगदी स्वस्त एलईडी बल्ब यांतून गोंगाट निघू शकतो, कारण पैसे वाचवायला आतले गाळणीचे भाग लावलेलेच नसतात. तोच ट्रान्झिस्टर जवळ नेऊन बघा. खरखर झाली तर ती वस्तू बदला. आणि मायक्रोवेव्ह ओव्हनबद्दल एक खरी घडलेली हकीकत ऐका. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स इथल्या प्रसिद्ध रेडिओ दुर्बिणीला १९९८ पासून अधूनमधून विचित्र लहरींचे झटके ऐकू येत होते. आकाशातले वाटावेत असे, पण येत ते फक्त कामाच्या वेळात. २०१५ मध्ये एमिली पेट्रॉफ आणि सहकाऱ्यांनी त्यांचा माग काढला. तिथला मायक्रोवेव्ह चालू असताना कुणी घाईने मध्येच दार उघडलं, की यंत्र बंद होता होता एक क्षणिक लाट बाहेर पडायची. सतरा वर्षांचं कोडं शेवटी जेवणाच्या डब्यापाशी सुटलं. तुमच्या स्वयंपाकघरातून खोडदला काही पोचणार नाही. पण आधी थांबवण्याचं बटण दाबून मग दार उघडायची सवय चांगली, आणि दाराची कड वाकली असेल तर ओव्हन वापरू नका.

सहावी गोष्ट भीतीची. गोंगाट कमी करा म्हटलं की काही जण लगेच टॉवर हटवायच्या गोष्टी काढतात, आणि त्यामागे कॅन्सरची भीती असते. त्याबद्दल जे ठाऊक आहे ते नीट सांगितलं पाहिजे. यूएचएफ लहरींत अणूतून इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ऊर्जा नसते. एक्स-रे जसे पेशीतली रचना तोडतात तशा या तोडत नाहीत. त्या तीव्र असतील तर ऊब निर्माण करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०११ मध्ये या लहरी 'कदाचित कर्करोगकारक' या गटात ठेवल्या, कारण फोनचा अतिवापर करणाऱ्यांबाबत काही पुरावा होता, पण तो मर्यादित आणि संदिग्ध होता. धोका सिद्ध झाला असा त्याचा अर्थ नाही. भारताने २०१२ मध्ये टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यावर आणली.

लोकांच्या ध्यानात न येणारी गोष्ट अशी, की टॉवर लांब असला तर फोन जास्त जोराने बोलतो. समोरचा बहिरा असला की आपण ओरडतो तसंच. म्हणजे टॉवर घालवून डोक्याजवळच्या लहरी वाढतात आणि हवेतला गोंगाटही वाढतो. काळजी घ्यायचीच असेल तर रेंज कमी असताना लांबलचक बोलू नका, स्पीकर किंवा वायरचा इअरफोन वापरा. फोनचा शोषणदर, म्हणजे त्याच्या लहरींची ऊर्जा शरीर किती शोषून घेतं ते, बघायचा असेल तर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबा; आपल्याकडे मर्यादा किलोला १.६ वॉट आहे. खोडदच्या परिसरात मात्र टॉवर कुठे, किती उंच, कुठल्या दिशेला तोंड करून, हे दुर्बिणीच्या शास्त्रज्ञांशी बोलून ठरावं. तिथे ग्रामपंचायतींनी ठराव करताना आधी त्यांना बोलवावं.

एक अवघड विषय टाळून चालणार नाही. पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगावाकडून आखलेला मार्ग या दुर्बिणीमुळे बदलावा लागेल, असं केंद्र सरकारने सांगितलं. पिढ्यानपिढ्या रेल्वेची वाट बघणाऱ्या माणसांना हे ऐकून वाईट वाटलं असेल, रागही आला असेल. तो राग समजून घ्यायला हवा. टोमॅटो आणि द्राक्षं वेळेत बाजारात पोचवायची असतात, मुलांना शिकायला पुण्याला जायचं असतं. विजेवरच्या रेल्वेची वरची तार आणि तिला घासणारा आकडा यांत सतत ठिणग्या उडतात, त्यामुळे शास्त्रज्ञांची हरकतही खरी आहे. मी एवढंच म्हणेन, की शांतता राखण्याचा भार एकट्या जुन्नर-आंबेगावने उचलायचा आणि कौतुक मात्र सगळ्या देशाने करायचं, हे न्यायाचं नाही. ज्या गावांनी ही शांतता दिली, त्यांना रस्ते, शाळा, दवाखाने, शेतमालाची वाहतूक यांत झुकतं माप मिळालं पाहिजे. आणि शहरातल्या आपण निदान आपला बूस्टर काढला पाहिजे.

कुणी म्हणेल, दूरच्या दीर्घिकेतला वायू मोजून आमच्या पोटाला काय मिळणार? उत्तर देतो. ज्या शिस्तीने खोडदला ऐकू येतं, तीच शिस्त आपल्यालाही वाचवते. जीपीएसचा संदेश २०,००० किलोमीटरवरून येतो आणि आपल्या फोनपाशी पोचेपर्यंत जवळजवळ नाहीसा झालेला असतो. रुग्णवाहिका त्याच्याच आधाराने घर शोधते. कोकणातली होडी वादळात सापडली आणि तिच्यावरच्या यंत्राने ४०६ मेगाहर्ट्झवर हाक मारली, तर ती हाकही तेवढीच बारीक असते. हवेत गोंगाट वाढला की सगळ्यात आधी बुडतात त्या या बारीक हाका. दुर्बीण आपल्याला फक्त आधी सांगते, की गोंगाट किती झाला आहे. गावच्या विहिरीचं पाणी गढूळ व्हायला लागलं की तळ दिसेनासा होतो, तसं.

आणि विहिरीसारखंच या लहरींचं आहे. त्या कुणी पैसे देऊन विकत घेतल्या तरी त्या वापरायचा फक्त हक्क मिळतो. हवा सगळ्यांची राहते. एकाने घाण केली तर सगळ्यांना ती प्यावी लागते. उलट एकाने काळजी घेतली तर तिचा उपयोगही सगळ्यांना होतो, आणि त्यासाठी त्याला फार काही सोसावं लागत नाही. कुंपणाखालचं गवत कापायचं, सैल जंपरची तक्रार करायची, बूस्टर काढून टाकायचा, दुर्बिणीच्या आवारात अर्धा दिवस फोन बंद ठेवायचा. यात कुणाची मजुरी बुडत नाही.

या आठवड्यात एवढं करा. घरातला जुना ट्रान्झिस्टर शोधा, नसेल तर शेजाऱ्याकडून आणा, आणि आपल्या घरात, शेतात, जिन्यात एक फेरी मारा. जिथे खरखर वाढेल तिथे थांबा आणि कारण शोधा. मुलांना बरोबर घ्या. सापडलेली एक ठिणगी जरी थांबवलीत तरी काम झालं.

८८० कोटी वर्षं चालून आलेल्या लहरीचा शेवटचा टप्पा आपल्या शिवारावरून जातो. तेवढ्या टप्प्यात तिला वाट द्या.